नोकरी, घर, गाणं आणि लेखन: रोजच्या धबडग्यात लिहितं कसं राहायचं

कोल्हापुरात लिहिणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यांतली बहुतेक जण पोटासाठी दुसरंच काहीतरी करतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेत काउंटरवर असतं, कुणी उद्यमनगरात लेथवर उभं असतं, कुणाचं किराणा दुकान असतं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. कथा लिहिते, एका पुरवणीसाठी सदर लिहिते, शनिवारी गाणं शिकायला जाते. घरात सासूबाई आहेत, नवरा आहे, दहावीतला मुलगा आहे आणि गावाकडं थोडा ऊस आहे. नोकरी सांभाळून लिहिणं ही आपल्याकडं नवलाची गोष्ट नाही. वि. स. खांडेकर कोल्हापूरला येण्याआधी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते.

लिहिणाऱ्या दोन माणसांची गाठ पडली की "वेळच मिळत नाही" हे वाक्य ठरलेलं. माझं मत वेगळं आहे. वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी मिळतो. आपण मात्र लेखन म्हणजे सलग चार तासांचं एकच काम असं धरून बसतो आणि ते चार तास कधी उगवत नाहीत. खरं तर लेखनात पाच वेगवेगळी कामं असतात, आणि प्रत्येकाला वेगळ्या प्रकारचा वेळ लागतो. कुठलं काम कुठल्या तुकड्यात बसवायचं हे एकदा ठरलं की नोकरी न सोडता, घर न दुखावता आणि छंद न मारता लिहिता येतं. खालची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: आठवडाभर नुसती नोंद ठेवा

वेळापत्रक करायची घाई करू नका. आधी एक आठवडा आपला दिवस खरोखर कसा जातो ते लिहून ठेवा. खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही घ्या. दिवसात जिथं जिथं मोकळी फट दिसेल, तिच्यापुढं तीन गोष्टी लिहा: किती मिनिटं मिळाली, डोकं कसं होतं आणि मध्ये हाक मारणारं कोण होतं.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

सकाळी सव्वापाच ते सहा. ४५ मिनिटं. डोकं ताजं. हाक कुणाची नाही, पण नळाला पाणी आलं तर उठावं लागतं.
शिरोलीची बस. २५ मिनिटं, बहुतेक वेळा उभ्यानं. डोकं बरं. हाक नाही.
जेवणाची सुट्टी. अर्धा तास, त्यातली १५ मिनिटं मोकळी. डोकं आकड्यांत. शेजारच्या टेबलावर गप्पा.
रात्री साडेनऊनंतर. तासभर. डोकं थकलेलं. मुलगा गणित विचारायला येणार.

यात मिनिटांपेक्षा पुढचे दोन रकाने महत्त्वाचे. रात्रीचा तास सकाळच्या पाऊण तासापेक्षा मोठा आहे, पण पहिला खर्डा लिहायला तो उपयोगाचा नाही. हे नोंद केल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं नाही की माणूस रात्री कोऱ्या कागदापुढं बसून स्वतःला आळशी ठरवत राहतो.

आठवड्याबरोबर महिन्याच्या अडचणीच्या तारखाही लिहा. हिशेबाच्या कामात ७, ११ आणि २० या तारखा ठरलेल्या आहेत: टीडीएसचा भरणा, मग जीएसटीची दोन विवरणपत्रं. त्यांच्या आधीच्या दोन दिवसांत मी लेखनाची बैठक ठरवतच नाही. शिक्षकांना परीक्षेचे आणि पेपर तपासण्याचे दिवस असतात, दुकानदाराला सणाआधीचा पंधरवडा असतो, फाउंड्रीतल्या माणसाला पाळी बदलण्याचा आठवडा असतो. हे दिवस कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवा.

पहाटे चारला उठा असा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. दुसऱ्या पाळीहून रात्री बारा वाजता घरी येणाऱ्या माणसानं चारला उठून काय लिहायचं? त्याचा ताजा वेळ सकाळी दहाचा असेल. तो त्याच्या वहीतूनच शोधायचा.

दुसरी पायरी: लेखनाची पाच कामं वेगळी करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं थोडं थांबते.

पहिलं काम टिपण. याला पाच मिनिटं पुरतात आणि ते उभ्यानं, गर्दीत, रांगेत होतं. बसमध्ये पुढच्या सीटवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "लेकीचं ठरवलं, पर लेकीला सांगायचंच राहिलंय बघा." हे वाक्य जसंच्या तसं लिहायचं. खाली तारीख, बस कुठं होती, बाईच्या मांडीवर काय होतं. तिच्याकडं मेथीची जुडी होती आणि बोलता बोलता ती एकेक पान खुडत होती. "दोन बायका लग्नाबद्दल बोलत होत्या" असं टिपलं असतं, तर महिन्यानं त्यातून काहीही हाती लागलं नसतं. टिपणात सारांश लिहू नये. माणसाचे शब्द आणि हातातली वस्तू, एवढं आलं की बास.

दुसरं काम कच्चा खर्डा. याला ताजं डोकं लागतं आणि हाक नसलेली किमान ४० मिनिटं लागतात. आठवड्यातला तुमचा सगळ्यात चांगला तुकडा यालाच द्या, आणि त्या तुकड्यात दुसरं काही शिरू देऊ नका. वर्तमानपत्र, फोन, कालचं लिहिलेलं दुरुस्त करणं, सगळं बाहेर. शब्द आठवला नाही तर चौकोन काढून पुढं जायचं. गावाचं नाव, वर्ष, नातं, जे अडेल तिथं चौकोन. एका बैठकीत ३०० शब्द झाले तर ते पुष्कळ आहेत. आठवड्याला अशा तीन बैठका म्हणजे ९०० शब्द, म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेचा खर्डा महिन्याच्या आत पुरा होतो. हा हिशेब मी मुद्दाम मांडते, कारण रोज दोन-दोन हजार शब्द लिहिणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून नोकरदार माणूस उगीच खचतो.

तिसरं काम पुनर्लेखन. ते दोन भागांत करा. आधी काढून टाकणं, मग नव्यानं लिहिणं. काढून टाकण्याचं काम थकलेल्या डोक्यानंही चांगलं होतं, उलट थकलेला माणूस स्वतःच्या नटव्या वाक्यांना फारसा भुलत नाही असा माझा अनुभव आहे. रात्रीचा तास त्याला द्या. हाक आली तरी बिघडत नाही, पेन ठेवून गणित सांगून परत येता येतं. नव्यानं लिहायचे परिच्छेद मात्र खुणा करून सकाळच्या बैठकीसाठी ठेवा. कथेची सुरुवात आणि शेवट रात्री कधी ठरवू नये.

चौथं काम मुद्रितशोधन. हे कागदावर, दिवसाच्या उजेडात आणि मोठ्यानं वाचून करायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणाआधीची वेळ याला चांगली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १८ नियम आहेत. ते एका कागदावर उतरवून टेबलाजवळ चिकटवा. त्याखाली आपल्या नेहमीच्या चुकांची यादी करा. कुणाची 'की' ऱ्हस्व होते, कुणाचं 'आणि' दीर्घ होतं, कुणी एकाच पानावर 'हिशेब' आणि 'हिशोब' दोन्ही लिहितं. एका वाचनात एकाच प्रकारची चूक शोधा. सगळ्या एकदम शोधायला गेलं की निम्म्या निसटतात.

पाचवं काम टपाल. संपादकांना निरोप, मानधनाची विचारणा, कार्यक्रमाची उत्तरं, कुणाच्या पुस्तकाची पोच. हे जेवणाच्या सुट्टीतल्या १५ मिनिटांत उरकायचं आणि तिथंच संपवायचं. टपाल सकाळच्या बैठकीत शिरलं की खर्डा गेलाच म्हणून समजा.

आता पहिल्या पायरीची वही उघडा आणि प्रत्येक फटीपुढं या पाचांपैकी एकाच कामाचं नाव लिहा. झालं तुमचं वेळापत्रक. यापेक्षा बारीक वेळापत्रक नोकरी-संसारात टिकत नाही.

तिसरी पायरी: उठण्याआधी पुढची ओळ

बैठक संपताना पानाच्या तळाशी दोन गोष्टी लिहा: पुढं काय घडणार आहे आणि पुढच्या बैठकीचं पहिलं वाक्य. वाक्य अर्धंच लिहिलं तरी चालेल. "सुमन दार उघडते, पण तिच्या हातात" एवढ्यावर सोडलं, तर तीन दिवसांनी पेन उचलताच हात चालू लागतो. तुकड्यांत लिहिणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ "कुठं होतो आपण?" यातच जातो. तो असा वाचतो.

चौथी पायरी: वही, फोन आणि टंकलेखन

साधनं कमी ठेवा, पण पक्की ठेवा. टिपणाची छोटी वही एक, खर्ड्याची फुलस्केप वही एक. खर्डा एका बाजूलाच लिहा, समोरचं पान दुरुस्तीला मोकळं राहतं.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला दोन-तीन आठवडे जड जातात, पण एकदा बोटांत बसला की कायमचा बसतो आणि कुठल्याही संगणकावर चालतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी फोनवर बोलून लिहावं. गूगलच्या कळफलकात आणि गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आहे. मी हातानं लिहिलेला खर्डा मोठ्यानं वाचून फोनमध्ये उतरवते. त्यात दोन फायदे आहेत. टंकलेखन होतं, आणि जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य वाकडं आहे हेही कळतं. विरामचिन्हं मात्र नंतर हातानं घालावी लागतात. संवादातली बोली तर फोन हटकून 'सुधारतो'. 'पर'चं 'पण' करतो, 'न्हाई'चं 'नाही' करतो. म्हणून संवाद असलेली पानं बोलून न घालता हातानंच टाइप करा.

आपल्याकडं बरीच छपाईची कामं अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतात. युनिकोड मजकूर त्यात बदलताना रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्या' आणि 'ॲ' या जागा बिघडतात. म्हणून मजकूर पाठवताना वर्डच्या फाइलीबरोबर त्याची पीडीएफही जोडा. जुळणी करणाऱ्याला मूळ अक्षर कसं होतं ते दिसतं.

प्रत नेहमी तीन ठिकाणी असू द्या: संगणकात, स्वतःला पाठवलेल्या ईमेलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर. वहीच्या पानांचे फोटो दर रविवारी काढून ठेवा. पुराच्या गावात राहणाऱ्या लेखकाला हे सांगायला लागू नये, तरी सांगते. पाण्याच्या पातळीखालच्या गल्लीत घर असेल तर वह्यांची पेटी पावसाळ्याआधीच माळ्यावर गेली पाहिजे.

पाचवी पायरी: घरात बोलून ठेवा

लेखनाची वेळ चोरून काढली की घरच्यांना ती चोरीच वाटते. उघड सांगितली की तिला घरात जागा मिळते. पण "मला लिहायला वेळ हवाय" असं मोघम सांगून उपयोग नाही. कुठला दिवस, किती वाजता, किती वेळ आणि त्या वेळात कुठलं काम कुणी बघायचं, इतकं नेमकं सांगायला हवं.

सासूबाईंशी मी हे बोलले तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

"आई, मंगळवार, गुरुवार आणि रविवार, सकाळी सव्वापाच ते सहा मी आतल्या खोलीत लिहीन म्हणते. त्या वेळात पाणी आलं तर..."

"तर मी भरतो की. तसाबी मला कुठं झोप लागतीय पाचनंतर. अगं, आधी सांगायचं न्हाईस व्हय? मला वाटायचं, ही अंधारात उठून हिशेबच करतीय."

"हिशेब न्हाई, गोष्ट लिहिते."

"मग झाल्यावर वाचून दाखवायची मला. एवढं मातर करायचं."

तेव्हापासून त्या माझ्या पहिल्या श्रोत्या आहेत, आणि "ही बाई असं बोलणार न्हाई" हे त्यांनी सांगितलं की ते वाक्य मी बदलते. घरातल्या माणसाला लेखनात असा एखादा खरा वाटा द्या.

उलट बाजूही तितकीच पाळायची. लिहायची वेळ संपली की वही मिटायची. मुलगा बोलत असताना मनात कथेचं वाक्य जुळवत बसलो, तर ते त्याला लगेच कळतं. ठरलेल्या वेळेबाहेर सुचलेलं सगळं छोट्या वहीत टिपा आणि सोडून द्या. नवऱ्याबरोबर कामांची वाटणी करताना "मदत" मागू नका, काम पुरतं सोपवा. रविवारची भाजी त्यानं आणायची ठरली, तर कुठली आणायची हेही त्यानंच ठरवायचं.

सहावी पायरी: घराबाहेरची एक जागा

घर लहान असलं, माणसं जास्त असली, की आठवड्यातून एकदा तरी बाहेर बसायची जागा हवी. भवानी मंडपाच्या परिसरात गेलात तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० मध्ये स्थापन झालेलं. जुने अंक आणि संदर्भ चाळायला, खुर्ची-टेबलावर शांत बसायला अशी जागा गावात असणं हे आपलं भाग्य आहे. सभासदत्व घ्या आणि ते वापरा. शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम काउंटरवर विचारून घ्या. त्याच आवारात खांडेकरांचं स्मृती संग्रहालयही आहे, वेळ काढून बघण्यासारखं.

चालायचं असेल तर रंकाळा. मी तिथं लिहायला बसत नाही, अडलेली कथा सोडवायला चालते. फोन घरी, वही खिशात. मिसळीच्या दुकानात किंवा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर टिपणं भरपूर मिळतात, पण तिथं खर्डा लिहायचा आग्रह धरू नये. ओळखीचं माणूस भेटणारच, आणि भेटलं तर त्याच्याशी बोलावंच.

सातवी पायरी: वर्ष कोल्हापूरच्या मापानं आखा

जानेवारीत संकल्प करून वर्षभर एकाच वेगानं लिहायची योजना आपल्या गावात चालत नाही. इथलं वर्ष निराळं चालतं. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच जड महिने आणि हलके महिने रंगवून ठेवा.

मार्च माझ्यासाठी गेलेलाच असतो, आर्थिक वर्षअखेर. चैत्रात जोतिबाची यात्रा. पाहुणे येतात, गुलालानं माखलेले कपडे धुवायला पडतात आणि घरात दोन-तीन दिवस पंगती चालतात. एप्रिल-मे लग्नसराईचे. पण याच सुमारास दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रं येऊ लागतात, आणि बहुतेकांना मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष याच मुदतीभोवती फिरत आलंय.

कोल्हापूरकराची अडचण अशी की ही मुदत आणि पंचगंगेचं पाणी एकाच वेळी चढतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वीज गेली, माणसं घरं सोडून नातेवाइकांकडं राहायला गेली. अशा दिवसांत कुणी कथा पुरी करू शकत नाही आणि करूही नये. तेव्हा शेजारच्या घरातलं सामान वर चढवायला हात लागतात.

म्हणून दिवाळी अंकाची मुदत काहीही असो, स्वतःची मुदत ३० जून धरा. खर्डा मे महिन्यात, पुनर्लेखन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मुद्रितशोधन शेवटच्या आठवड्यात. शाळा सुरू व्हायची गडबड यातच येते, तरी मोठा खर्डा आधी झालेला असला की निभतं. जुलैत पाऊस कमी राहिला तर महिनाभर मजकूर मुरतो आणि पाठवण्याआधी एक ताजं वाचन होतं. पाणी आलंच तर मजकूर आधीच संपादकांकडं पोहोचलेला असतो.

गणपती आणि नवरात्र हे टिपणांचे दिवस आहेत. तालमींच्या मंडपांपुढच्या गप्पा, ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर उसळणारी गर्दी, दसरा चौकातला सोहळा. या दिवसांत खर्ड्याची एकही बैठक ठरवू नका, छोटी वही मात्र भरून काढा. दसऱ्याआधीच माझ्या कार्यालयात लेखापरीक्षणाची गडबड असते, त्यामुळं तोही आठवडा सोडून द्यावा लागतो.

खरा लिहायचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. हवा चांगली, पहाट लांब, समारंभ त्यामानानं कमी. कादंबरीसारखं मोठं काम असेल तर ते या चार महिन्यांत सुरू करा. ज्यांचा ऊस आहे त्यांच्या मागं याच काळात गळीत हंगाम असतो. तोडीची टोळी आली की रानात कुणीतरी उभं राहावंच लागतं. भावाभावांत आधीच ठरवून घ्या की कुठल्या फडाला कोण जाणार. मी गेले तर बांधावर बसून टिपणं लिहिते. टोळीतल्या बायकांच्या बोलण्यातून जे कळतं ते ग्रंथालयात मिळत नाही.

आठवी पायरी: छंद तोडू नका, आमंत्रणं चाळून घ्या

वेळ कमी पडला की आधी छंदावर कुऱ्हाड येते. "लेखनासाठी गाणं सोडलं" असं लोक अभिमानानं सांगतात. मला ते पटत नाही. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहून गायले, त्या गावात गाणं शिकायला मिळणं हे सुख आहे, आणि त्याचा माझ्या लेखनाला थेट उपयोग होतो. गुरुजी एकच ओळ दहा वेळा घोटून घेतात आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी लागते. पुनर्लेखनाचा कंटाळा त्या तासाला बसल्यामुळं गेला. कुणाला फुटबॉल असेल. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा सामना असताना घरी लिहीत बसणं ही स्वतःला शिक्षा आहे. सामन्याला जा. सामन्याची वेळ आधी कॅलेंडरवर लिहा आणि बैठक दुसऱ्या दिवशी ठेवा. छंद एकच ठेवा, पण त्याला पक्का वार द्या.

आमंत्रणांचं मात्र वेगळं आहे. लिहिणाऱ्या माणसाला प्रकाशनं, व्याख्यानमाला, शाळेची बक्षीसवाटपं, निबंधस्पर्धेचं परीक्षण, "मॅडम, दोनच शब्द बोला" अशी बोलावणी सारखी येतात. माझी वाटणी अशी. मुलांसाठीचा कार्यक्रम असेल तर शक्यतो हो. मित्राच्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन असेल तर नक्की हो. बाकी महिन्याला एक. त्याच्यापुढं नाही म्हणायचं, पण लगेच आणि सरळ. "बघते, कळवते" असं म्हणून लटकत ठेवलं की समोरच्याचीही पंचाईत होते. मी असा निरोप पाठवते: "सर, आठवणीनं बोलावलंत, आनंद झाला. या महिन्यात एक कार्यक्रम आधीच घेतलाय, त्यामुळं येणं जमणार नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत असेल तर आत्ताच तारीख धरून ठेवते." कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही.

घरगुती बोलावण्यांना नाही म्हणायचं नसतं, पण वेळ नेमकी करता येते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रविवारी सत्यनारायण हाय, यायचं बरं का," की उत्तर द्यावं, "येते की काकू, साडेबाराला प्रसादाला येते." माणसंही राखली जातात आणि सकाळही राहते. दुःखाच्या प्रसंगी मात्र बैठक, मुदत, काही बघू नये. उठावं आणि जावं.

नववी पायरी: व्यवहाराची वही

यावर थोडक्यात सांगते, पण हे टाळू नका. एका वहीत रकाने आखा: कुठला मजकूर, कुणाला पाठवला, तारीख, शब्दसंख्या, उत्तर, छापला कधी, मानधन ठरलं किती, आलं किती. एकच कथा दोन ठिकाणी चुकून जात नाही आणि पाठपुरावाही करता येतो. मजकूर मिळाल्याची पोच आठवड्यात आली नाही तर एकदा नम्रपणे विचारा. अंक निघून दोन महिने झाले आणि मानधन आलं नाही, तर तेही विचारा. त्यात संकोच कशाला? मानधन हे उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवायचं असतं, त्यासाठीही ही वही लागते.

हक्कांबद्दल एवढं लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. अंकात एकदा छापायला देणं वेगळं आणि सगळे हक्क लिहून देणं वेगळं. सही करण्याआधी करार पूर्ण वाचा. श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचं त्यात काय लिहिलंय ते बघा. सरकारी नोकरीत असाल तर आपले वर्तणूक नियम वाचून घ्या आणि परवानगी किंवा कळवण्याची गरज असेल तर ते लेखीच करा. कार्यालयाचा संगणक, कागद आणि वेळ लेखनासाठी वापरू नका. नोकरी आपल्याला लिहिण्याची मोकळीक देते, तिच्याशी चोख राहिलं पाहिजे.

दहावी पायरी: घडी विस्कटली तर

मुलाची परीक्षा, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, कारखान्यात तपासणी. अशा वेळी दोन-तीन आठवडे खर्ड्याला हात लागत नाही. तेव्हा पाचातली चार कामं बंद करा, टिपण तेवढं चालू ठेवा. दिवसाला एक ओळ. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलेल्या ओळींचं मोल पुढं कळतं.

परत सुरुवात करताना बुडालेल्या बैठका भरून काढायच्या मागं लागू नका आणि नवीन कथाही काढू नका. पहिल्या सकाळी जुनी वही उघडून शेवटची तीन पानं हातानं दुसऱ्या कागदावर उतरवून काढा, जशीच्या तशी. उतरवताना एखादा शब्द आपोआप बदलतो, एखादं वाक्य गळतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही सोडलेली अर्धी ओळ असेल. ती पुरी करा आणि त्या दिवशी तिथंच थांबा. दुसऱ्या बैठकीपासून नेहमीचे ३०० शब्द.